विश्लेषण : १९३१ ची जातगणना आजही बातम्यांमध्ये का येते?

२०२७ च्या जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदवण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहारविषयक समितीने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. स्वतंत्र भारतात जनगणनेत सर्व जातींची मोजणी प्रथमच होणार आहे. या निर्णयाची, ओबीसी आरक्षणाची किंवा न्यायालयातल्या एखाद्या सुनावणीची बातमी आली की ‘१९३१’ हे साल हमखास येते. ब्रिटिशांच्या काळातली ती आकडेवारी आजवर का वापरावी लागली?

१९३१ नंतर काय झाले?

१९३१ मध्ये जनगणना आयुक्त जे. एच. हटन यांच्या देखरेखीखाली सर्व जातींची आकडेवारी शेवटची प्रसिद्ध झाली. १९४१ मध्येही जात विचारली गेली, पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जातींचे तक्ते तयारच झाले नाहीत. १९५१ पासून केवळ अनुसूचित जाती आणि जमातींची मोजणी करण्याचे धोरण राहिले. त्यामुळे इतर मागासवर्गीय नेमके किती, याचा अधिकृत आकडाच देशाकडे उरला नाही.

मंडल आयोगाचे ५२ टक्के कुठून आले?

१९७९ मध्ये नेमलेल्या मंडल आयोगासमोर हीच अडचण होती. आयोगाने १९३१ च्या प्रमाणांचा आधार घेतला आणि वजाबाकी केली. अनुसूचित जाती-जमाती, बिगरहिंदू आणि पुढारलेल्या हिंदू जाती वगळून ४३.७० टक्के उरले. त्यात बिगरहिंदूंमधील मागास म्हणून ८.४० टक्के मिळवले. बेरीज झाली ५२.१०. म्हणजे ओबीसींची ‘५२ टक्के’ ही संख्या मोजलेली नसून अंदाजाने काढलेली आहे. आरक्षण मात्र २७ टक्केच सुचवले गेले, कारण अनुसूचित जाती-जमातींचे २२.५ टक्के धरून एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवायचे होते.

१९३१ चा आकडा आजच्या नकाशाला लागू पडतो का?

सरळ लागू पडत नाही. तेव्हाच्या मोजणीत आजचे पाकिस्तान, बांगलादेश आणि म्यानमारही होते. महाराष्ट्र तर अस्तित्वातच नव्हता. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणाचा बराचसा भाग मुंबई इलाख्यात, मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात आणि विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. तिन्हीकडचे अहवाल वेगळे.

शिवाय जनगणनेतली जातीची नोंद तेव्हाही निर्विवाद नव्हती. १९०१ मध्ये तत्कालीन आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी जातींची सामाजिक क्रमवारी लावण्याचा घाट घातला. त्यानंतर ‘आमची नोंद वरच्या वर्णात करा’ अशा अर्जांचा पाऊस पडला.

मग २०११ मध्ये जात मोजली होती ना?

होय, पण जनगणनेत नव्हे. ‘सामाजिक, आर्थिक आणि जात गणना’ स्वतंत्रपणे झाली. तिची जातविषयक आकडेवारी केंद्राने प्रसिद्धच केली नाही. महाराष्ट्र सरकारने ती मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा २०२१ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात कारण सांगितले. १९३१ मध्ये ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ मध्ये जातींची नावे निघाली तब्बल ४६ लाख! महाराष्ट्रात आरक्षित प्रवर्गांच्या याद्यांत ४९४ जाती असताना नोंदी आल्या ४,२८,६७७. त्यातल्या ९९ टक्के ‘जातीं’ची लोकसंख्या शंभराहून कमी होती.

असे का झाले? जातींची पक्की यादी आणि संकेतांक प्रगणकांच्या हाती नव्हते. जे सांगितले, जसे ऐकू आले, तसे लिहिले गेले. केरळमधील मापिला समाजाचे स्पेलिंग ४० प्रकारे लिहिले गेले आणि त्या ४० वेगवेगळ्या जाती ठरल्या. संगणकाला ‘ही एकच जात’ असे कोणी सांगितलेलेच नव्हते. विशेष म्हणजे ही गणना कागदावर नव्हे, टॅबलेटवर झाली होती.

महाराष्ट्राला याची काय किंमत मोजावी लागली?

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांमधील ओबीसी आरक्षणासाठी समकालीन आकडेवारीची अट पुढे केली. राज्याकडे ती नव्हती. बांठिया आयोगाने मतदारयाद्यांच्या आधारे ओबीसींचे प्रमाण ३७ टक्के सांगितले. आडनावावरून जात ठरवल्याची टीका त्यावर झाली. दरम्यान निवडणुका रखडल्या आणि अनेक महापालिका व जिल्हा परिषदांचा कारभार वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. गल्लीतल्या गटाराची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच उरला नाही, त्यामागे हेही एक कारण होते.

२०२७ मध्ये काय पाहायचे?

ही जनगणना डिजिटल असेल. पण कळीचा प्रश्न मोबाइल ॲपचा नाही, जातींच्या यादीचा आहे. एकाच जातीची प्रादेशिक नावे, पोटजाती आणि आडनावे कोणत्या संकेतांकाखाली जाणार? केंद्राच्या आणि राज्याच्या ओबीसी याद्या सारख्या नाहीत, त्यांचा मेळ कसा घालणार? आणि आकडे प्रसिद्ध कधी होणार?

एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार तुम्ही दिलेली वैयक्तिक माहिती गोपनीय राहते. प्रगणकाने केलेली नोंद म्हणजे जातीचा दाखला नव्हे. मात्र अशा कोट्यवधी नोंदींची बेरीज पुढची अनेक वर्षे धोरणे ठरवू शकते. १९३१ च्या बेरजेने ते करून दाखवले आहे. म्हणूनच प्रगणक दारात आल्यावर आडनाव नव्हे, आपल्या जातीचे अधिकृत यादीतले नाव सांगता आले पाहिजे.