शेतमालासाठी छोटा टेंपो घेताना

शेतकरी बंधूंनी टेंपो घेताना केवळ किंमत पाहू नये. व्याज, विमा, इंधन व दुरुस्ती धरून दर किलोमीटरचा खर्च काढावा. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्या व लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीस इंधनच ८०० लिटर लागते. ऐन हंगामात गाडी बंद पडल्यास भाजी नासते, हप्ता मात्र चुकत नाही. सबब सुटे भाग व कारागीर तालुक्यात मिळतात काय, याची आधी चौकशी करावी.

वाढीव हमी ही मुदत व किलोमीटर यांपैकी जे आधी पुरे होईल तेथेच संपते. टायर, क्लचप्लेट अशा झिजणाऱ्या भागांस ती बहुधा लागू नसते. वेळेवर सर्व्हिसिंग न केल्यास दावाही नाकारला जातो. म्हणून अटी वाचून, हमीची रक्कम संभाव्य मोठ्या दुरुस्तीशी ताडूनच निर्णय घेणे इष्ट होय.