दहा हजारांचा अंधार

सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी स्लाव टोळ्या जी भाषा बोलत, तिची एक ओळही कुणी लिहून ठेवलेली नाही. तिच्यापासून निघालेल्या भाषा शेजारी शेजारी ठेवून अभ्यासकांनी तिचे शब्द पुन्हा उभे केले. त्यांतलं एक नाम ‘तिमा’. त्यातली ‘इ’ अगदी ओझरती. अर्थ अंधार. रशियन आणि चेक भाषांत त्याचं ‘त्मा’ झालं. पोलिशमध्ये ‘च्मा’ झालं आणि त्याचा मुख्य अर्थ आता दिव्यावर झेपावणारा पतंग असा आहे. आपला ‘तम’ही याच कुळातला.

या अंधाराला एक आकडाही चिकटला: दहा हजार. तुर्की भाषांतल्या ‘तुमेन’ म्हणजे दहा हजार या शब्दाची इथं सावली पडली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. मंगोल सैन्याची दहा हजारांची तुकडीही ‘तुमेन’च, पण मंगोल रशियात शिरले १२३७ साली, आणि आकडा त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

११३६ साली नोव्हगोरोदच्या एका मठात किरिक नावाचा २६ वर्षांचा धर्मसेवक जगाचं वय मोजायला बसला. त्याच्या पंचांगानुसार सृष्टी निर्माण होऊन ६,६४४ वर्षं झाली होती. त्याने महिने काढले: ७९,७२८. मग दिवस: २४२ त्मा आणि वर ६,७२१, म्हणजे २४,२६,७२१. दिवसाउजेडाचे बारा तास धरून त्याने तासही मोजले: २,९१२ त्मा आणि ६५२. आज ताडून पाहिलं तर वर्षाला ३६५ दिवस आणि सहा तास या हिशेबात एका दिवसाचीही चूक नाही. आणि हे सगळं शून्याविना, अक्षरांनाच अंक मानून! याच्यापेक्षा चारच वर्षांनी धाकटे आपले भास्कराचार्य. त्यांच्या ‘लीलावती’त दहा हजाराला ‘अयुत’ म्हटलंय आणि संख्यांची नावं एकावर सतरा शून्यं, म्हणजे परार्धापर्यंत जातात.

पुढे रशियन हस्तलिखितांत ‘मोठी मोजणी’ आली आणि त्मा शंभर पटींनी फुगून दहा लाखांची झाली. तिथून पुढची झेप छाती दडपवणारी आहे, कारण प्रत्येक पायरीवर आधीच्या संख्येला तिनंच गुणायचं. त्मा गुणिले त्मा म्हणजे लेगिओन, एकावर १२ शून्यं. आपल्या आकाशगंगेतले तारे मोजले तरी एक लेगिओन भरत नाही. लेगिओनचा लेगिओनपट लेओद्र, २४ शून्यं. लेओद्रचा लेओद्रपट ‘वोरोन’, म्हणजे डोमकावळा: एकावर ४८ शून्यं. त्याच्याही वर ‘कोलोदा’ म्हणजे ओंडका, आणि यापलीकडे माणसाची बुद्धी पोचत नाही असं लिहिणारे सांगतात. बाजारहाट किंवा करवसुली करणाऱ्याला एवढ्या संख्येची गरज कधीच पडली नसणार. हा निव्वळ मोजण्याचा ध्यास होता आणि मला तो फार मोठा वाटतो. कारण आजच्या अंदाजानं सबंध पृथ्वीतल्या अणूंची संख्या एकशे तीसेक वोरोन भरते.