वाफेवर जाणारी वीज

धाराशिवच्या थंडीत फजरच्या वुजूसाठी गरम पाणी लागतेच. आपण बादलीत हीटरचा रॉड टाकतो आणि सकाळच्या गडबडीत कधी कधी तो तसाच राहतो. पाणी खळखळ उकळते, न्हाणीघर वाफेने भरते. यात वीज किती जाते, त्याचा हिशेब मांडू.

१ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. विजेचे १ युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. पाच जणांच्या वुजूला १० लिटर पाणी धरू. ते २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला १० × २० × ४.२ = ८४० किलोज्यूल लागतात, म्हणजे पाव युनिटसुद्धा नाही. अडीच लिटर उकळून त्यात साडेसात लिटर थंड पाणी मिसळले, तरी वीज जवळपास तेवढीच.

खरा खर्च उकळीनंतर सुरू होतो. धाराशिव शहर उंचावर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. पुढे तापमान वाढत नाही. वीज वाफ करण्यात जाते. १ लिटरची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे अर्ध्या लिटरला ०.३१ युनिट, पाच जणांच्या वुजूपेक्षा जास्त! १५०० वॉटचा रॉड एवढी वीज साडेबारा मिनिटांत खातो.

आपल्या दुष्काळी जिल्ह्यात पाणीही गेले, वीजही गेली. वुजूत इसराफ नको, हे आपण मुलांना शिकवतो. तोच नियम रॉडलाही लावू. पाणी कोमट झाले की आधी बटण बंद करायचे, मग प्लग काढायचा आणि त्यानंतरच पाण्यात हात घालायचा.