एकटीने एल्लाला जाताना : भीती कुठे असते आणि धोका कुठे



सुरुवातीलाच एक प्रश्न. इथे बसलेल्या किती जणींना लहानपणी 'लक्ष्मणरेषा' हा शब्द ऐकवला गेलाय? हात वर करायची गरज नाही, हसण्यावरूनच कळलं.

वाल्मीकी रामायणात ही रेषा नाही; ती नंतरच्या परंपरेतून आली. पण आपल्या घरांत ती दारातल्या उंबऱ्याइतकीच खरी असते. रेषेच्या आत असलीस तर ठीक, बाहेर गेलीस तर रावण आहेच. आज आपण ज्या गावाबद्दल बोलणार आहोत, ते या गोष्टीच्या दुसऱ्या टोकाला आहे. श्रीलंकेच्या डोंगराळ भागात, उवा प्रांतातल्या बदुल्ला जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर एल्ला नावाचं छोटंसं गाव आहे. सिंहली भाषेत 'एल्ला' म्हणजे धबधबा. जवळच रावणाच्या नावाचा धबधबा आहे, रावणाच्या नावाची गुहा आहे, आणि सीतेला इथेच लपवून ठेवलं होतं असं स्थानिक लोक सांगतात. त्या रावणाच्या गावाला आज जगभरातल्या बायका स्वतः तिकीट काढून, पाठीवर पिशवी टाकून, एकट्या जातात. आता आपल्याकडच्या मुलीही जायला लागल्या आहेत, आणि त्यांच्या घरी एकच प्रश्न विचारला जातो : "तिथे सुरक्षित आहे का?"

आमचं म्हणणं असं की या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर नसतं. गावाची उंची सांगता येते, तशी गावाची सुरक्षितता एका आकड्यात सांगता येत नाही. एल्लातली तीच पायवाट सकाळी सात वाजता एक असते आणि संध्याकाळी साडेसहाला दुसरी. म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारू : कोणत्या वेळी, कोणत्या वाटेवर, आणि आसपास कोण असताना? असं विचारलं की उत्तरं मिळायला लागतात.

आधी पोचण्याबद्दल. बहुतेक जण कँडीहून रेल्वेने येतात. प्रवास सहा-सात तासांचा. हा मार्ग १९२४ साली बदुल्लापर्यंत पोचला. रुळांची रुंदी आपल्या ब्रॉडगेजइतकीच, म्हणजे साडेपाच फूट, त्यामुळे डबा बघून घरच्यासारखं वाटतं. चहाचे मळे, धुकं, वळणं, बोगदे. आणि डब्याच्या उघड्या दारात बाहेर झुकून काढलेले ते फोटो! या प्रवासातला जीवघेणा धोका तिथेच आहे. बोगद्याची भिंत, सिग्नलचा खांब किंवा पुढे आलेली फांदी तुम्हाला बघून बाजूला होत नाही. रावणाची भीती मनात घेऊन निघालेली मुलगी दारात निर्धास्त लटकते. भीती एकीकडे आणि धोका दुसरीकडे, तो हा असा.

रेल्वेत आणि बसमध्ये दुसराही धोका आहे, तो लपवायचं कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने श्रीलंकेत केलेल्या पाहणीत सुमारे ९० टक्के मुलींनी आणि बायकांनी बस किंवा रेल्वेत कधी ना कधी लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. पोलिसांकडे गेल्या त्या जेमतेम ४ टक्के. हे आकडे ऐकून "बघा, आम्ही म्हणत नव्हतो?" असं म्हणायच्या आधी एक लक्षात घ्या. या बायका पर्यटक नव्हेत. रोज कामाला, शाळेला, दवाखान्यात जाणाऱ्या तिथल्याच बायका आहेत. मुंबईची लोकल आणि पुण्याची पीएमटी ज्यांनी वापरली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे हा धोका परदेशाचा नाही, गर्दीचा आहे, आणि गर्दीत काय करायचं हे तुम्हाला आधीच माहीत आहे. आरक्षित जागा घ्या. नाही मिळाली तर बायका-मुलं बसली आहेत तिथे बसा. कुणी हात लावला तर मोठ्याने बोला. भाषा मराठी असली तरी सूर सगळ्यांना कळतो. तिथल्या दंडसंहितेत कलम ३४५ खाली लैंगिक छळ हा गुन्हा आहे.

आणि सकाळची गाडी घ्या. डोंगरातल्या गाड्यांना उशीर होतो. दुपारी पोचणारी गाडी दोन तास उशिरा आली तरी उजेड असतो. संध्याकाळी पोचणारी उशिरा आली, तर अंधारात, अनोळखी चढावर, पिशवी घेऊन घर शोधत बसावं लागतं.

आता वाटांकडे येऊ. एल्लात पायी जायच्या मुख्य जागा तीन, आणि त्या एकसारख्या नाहीत.

पहिली म्हणजे लिटल ॲडम्स पीक. उंची ११४१ मीटर. गावातून पाऊण ते एक तास. आधी चहाच्या मळ्यातला रुंद रस्ता, शेवटी पायऱ्या. दिवसा इथे माणसं असतात, चुकायला जागा नाही. एकटीने पहिल्या दिवशी इथेच जावं.

दुसरी नऊ कमानींचा पूल. १९२१ साली बांधलेला, सुमारे ९१ मीटर लांब आणि २४ मीटर उंच. दगड, विटा आणि सिमेंटचा. पोलादाचा सांगाडा नाही. पहिल्या महायुद्धात पोलाद तिकडे वळलं म्हणून गावकऱ्यांनी दगडविटांनीच पूल उभा केला, अशी गोष्ट सांगतात. गावापासून दोनेक किलोमीटर. इथे धोका माणसांचा नाही, गाडीचा आहे. पुष्कळ जण रुळांवरून चालत जातात. वेळापत्रकावर विश्वास ठेवू नका, कारण उशिराची गाडी कधीही येते, आणि धुक्यात वळणावर ती दिसायच्या आधी जवळ आलेली असते. डोंगरातून उतरणारी पायवाट आहे, ती घ्या.

तिसरी एल्ला रॉक. जाऊन-येऊन चार तास धरा. आधी कितल एल्ला स्टेशनच्या दिशेने रुळांच्या कडेने, मग शेतातून, निलगिरीच्या झाडांमधून, शेवटी चांगला चढ. इथे फाटे फुटतात आणि खुणा कमी आहेत. फाट्यावर कुणीतरी उभा असतो, "ही वाट बंद आहे, मी नेतो" म्हणतो, आणि वर पोचल्यावर पैसे मागतो, अशा तक्रारी प्रवाशांकडून वारंवार ऐकू येतात. त्यावर उपाय म्हणजे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घेणं. किंवा राहत्या घराच्या मालकिणीला सांगून, पैसे आधी ठरवून, ओळखीचा वाटाड्या घेणं. आमचं मत विचाराल तर एल्ला रॉक एकटीने पहिल्यांदा करू नये. घरात उतरलेल्या इतर दोन-तीन जणींबरोबर सकाळी निघावं. यात कमीपणा नाही. सह्याद्रीत अनोळखी घाटवाट आपण एकट्याने करत नाही, पुरुषसुद्धा करत नाहीत.

आता घड्याळाबद्दल थोडं सविस्तर.

श्रीलंकेत आणि भारतात घड्याळ एकच आहे, पण उजेड एकच नाही. जूनमध्ये पुण्यात सव्वासातपर्यंत उजेड असतो. एल्ला विषुववृत्ताच्या जवळ आहे. तिथे वर्षभर सूर्य साधारण पावणेसहा ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो, आणि संधिप्रकाश फार वेळ रेंगाळत नाही. म्हणजे आपल्या सवयीने "अजून वेळ आहे" म्हणून वर बसलेली मुलगी अंधारात उतरते.

पण उजेडापेक्षाही महत्त्वाचं दुसरं घड्याळ आहे, ते चहाच्या मळ्याचं. एल्लाच्या वाटा या मुळात पर्यटकांच्या वाटा नव्हेत, मळ्यातल्या कामाच्या वाटा आहेत. सकाळपासून तिथे बायका पानं खुडत असतात, टोपल्या-पोती घेऊन वजनाला जातात, पोरं शाळेत जातात. तुम्ही एकट्या चालत आहात असं वाटतं, पण खरं तर दहा जणींच्या नजरेत चालत असता. साडेचार-पाचला काम संपतं, बायका वस्तीवर परततात आणि वाट रिकामी होते. उजेड अजून तासभर असतो, पण सोबत गेलेली असते. म्हणून आमचा नियम सूर्यास्ताचा नाही. मळ्यातल्या बायका निघाल्या की आपणही उतरायला लागायचं.

या बायका कोण आहेत, हेही कळायला हवं. श्रीलंकेत चहाची व्यापारी लागवड १८६७ साली जेम्स टेलरने कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यावर सुरू केली. त्याआधी कॉफी होती. या मळ्यांसाठी ब्रिटिशांनी दक्षिण भारतातून तमिळ मजूर आणले. त्यांच्या वंशजांना मलैयाह तमिळ, म्हणजे डोंगरातले तमिळ, म्हणतात. देश १९४८ साली स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या नागरिकत्व कायद्याने यातल्या लाखो लोकांना नागरिकत्वाबाहेर ठेवलं. १९६४ साली सिरिमाओ बंदरनायके आणि लालबहादूर शास्त्री यांच्यात करार झाला, अनेकांना भारतात पाठवलं गेलं, आणि उरलेल्यांचा प्रश्न कायद्याने सुटायला २००३ साल उजाडलं. ज्या वाटेवर आपण मोकळेपणा शोधायला जातो, ती पिढ्यान्‌पिढ्या या बायकांच्या पायांनी पडलेली आहे, आणि आपल्याला वाटणारी सुरक्षितता बरीचशी त्यांच्या असण्यामुळे आहे. म्हणून एवढं तरी करावं : न विचारता त्यांचे फोटो काढू नयेत. त्या देखावा नाहीत, कामावर आहेत.

बोलायचं कसं, असं विचारतात. एक शब्द तुमच्याकडे आधीच आहे : 'अक्का'. मोठ्या बहिणीला सिंहलीत अक्का म्हणतात, तमिळमध्येही अक्का, आणि आपल्याकडेही अक्का! वाट विचारताना "अक्का" म्हणून सुरुवात केली की समोरची थांबते. नको असेल तेव्हा सिंहलीत "एपा" म्हणायचं. हसत म्हणू नका, सरळ म्हणा.

"एकटीच? नवरा कुठे?" हे विचारलं जाणारच. बहुतेक वेळा त्यात कुतूहल असतं, आपल्या गावाकडच्या आजीसारखं. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवर लिहिलेलं 'व्हाय लॉइटर?' हे पुस्तक २०११ साली आलं. त्यातला मुद्दा इथे लागू पडतो : बाईने सार्वजनिक जागी असायचं तर काहीतरी काम हवं, नुसतं असणं चालत नाही. टोपलीवाल्या बाईला कुणी "एकटीच का?" विचारत नाही, तिच्या पाठीवर कारण आहे. तुमच्या पाठीवर फक्त पिशवी आहे. पण उत्तर देणं तुम्हाला बंधनकारक नाही. आजीला खरं सांगा. रिक्षावाल्याला किंवा बारमध्ये शेजारी येऊन बसलेल्याला "मैत्रिणी खोलीवर वाट बघतायत" असं सांगितलं तर ते पाप नव्हे. आणि खोलीचा पत्ता कुणालाच सांगू नका.

खोली घेताना मुख्य रस्त्याजवळचं, कुटुंब राहत असलेलं घर बघा. आतून कडी लागते का, खिडकी बंद होते का, हे पैसे देण्याआधी तपासा.

ऋतूचंही सांगतो. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, म्हणून आपण ठरवतो की दिवाळीच्या सुट्टीत जाऊ. एल्लाच्या बाजूला जोरदार पाऊस नेमका ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. तेव्हा दरडी कोसळतात, रेल्वे बंद पडते, खडक निसरडे होतात, गवतात जळवा असतात. जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चपर्यंतचा काळ बरा. रावण धबधब्याच्या डोहात उतरण्याचा मोह कोणत्याच ऋतूत नको, तिथे बुडून माणसं गेली आहेत.

शेवटी घरच्यांसाठी. "पोचलीस की फोन कर" ही योजना नव्हे, ती काळजी आहे. योजना अशी असते : राहत्या घराचं नाव आणि नंबर घरी लिहून ठेवायचा. कोणत्या दिवशी कोणती वाट, तेही लिहायचं. रोज संध्याकाळी सात वाजता निरोप. आठपर्यंत आला नाही तर घरच्यांनी आधी त्या मालकिणीला फोन करायचा. आणि मुलीच्या फोनमध्ये तिथले नंबर हवेत : पोलीस ११९, रुग्णवाहिका १९९०, महिलांसाठीची मदतवाहिनी १९३८, पर्यटकांसाठी १९१२. ती १९९० ची रुग्णवाहिका सेवा २०१६ साली भारताच्याच अनुदानातून सुरू झाली आहे.

मागे एका आईने व्याख्यानानंतर आम्हाला विचारलं होतं, "हे सगळं ठीक, पण मग पाठवू की नको?" आम्ही म्हटलं, एवढा कागद मुलीबरोबर बसून भरा. कोणती गाडी, कोणतं घर, कोणती वाट, उतरायची वेळ. भरता आला, तर तिला जायचं कसं हे कळलेलं आहे. नाही भरता आला, तर महिनाभर थांबा आणि पुन्हा बसा. पण "जग वाईट आहे" एवढंच सांगून तिला थांबवू नका. कारण त्या वाक्यातून तिला ना उघड्या दाराचा धोका कळतो, ना रुळांचा, ना लवकर पडणाऱ्या अंधाराचा. तिच्या हाती फक्त भीती राहते, आणि कधीतरी ती जाईल तेव्हा एवढीच शिदोरी घेऊन जाईल.

आता तुमचे प्रश्न घेऊ.