मसूर स्टेशन ते वाकडेवाडी

सन १९०१. वडिलांना भेटायला निघालेला छोटा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले मसूर स्टेशनवर उतरली. आगगाडीत बसताना त्यांना कोणी अडवले नाही. अडले ते उतरल्यावर. न्यायला कोणी आले नव्हते. मुले महारांची आहेत हे ऐकताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी एक तयार झाला, तो दुप्पट भाड्यावर, आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर! बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे.

समाजबांधवांना या प्रसंगातले पाणी आठवते, गाडी आठवत नाही. आम्हाला वकिली करताना ती गाडीच आठवते. कारण प्रवास तुटतो तो गाडी बदलण्याच्या जागी, आणि गरिबाला अडवून लुटता येते तेही तिथेच.

आंबेगाव तालुक्यातले लोणी घ्या. (रेल्वेच्या वेळापत्रकात 'लोणी' सापडते, पण ते पुणे-दौंड मार्गावरचे लोणी काळभोरचे!) जुन्नर-आंबेगावात रुळाचा एक तुकडा नाही. पुणे-नाशिक रेल्वेच्या घोषणा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. खोडदच्या दुर्बिणीमुळे मार्गच वळवण्याची भाषा झाली. तेव्हा लोणीकरांना आधार एस.टी.चा. मंचर गाठायचे, पुण्याची गाडी धरायची, शिवाजीनगरला उतरायचे. शेजारीच रेल्वे स्टेशन, लोणावळ्याची लोकल, बाहेर शहराची बस, आणि चालत गेले की जिल्हा न्यायालय. खिशात परतीचे भाडे असले की पुरे.

डिसेंबर २०१९ मध्ये भुयारी मेट्रो स्थानकाच्या कामासाठी हे एस.टी. स्थानक वाकडेवाडीला दूध डेअरीच्या जागेत हलवले गेले. 'तात्पुरते' म्हणून! मेट्रोला आमचा विरोध नाही. शिवाजीनगरचे मेट्रो स्थानक १ ऑगस्ट २०२३ रोजी सुरू झाले. पण त्या दिवशी वर एस.टी. परत आली होती काय? नाही. साडेतीन वर्षांत जमिनीखालून मेट्रो धावली आणि जमिनीवरचे साधे फलाट उभे राहिले नाहीत. शासनकर्त्यांच्या लेखी कुणाची घाई मोठी, हे यावरून कळते.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. चांगलेच आहे. पण वाकडेवाडीला उतरल्यावर रिक्षावाला अर्धे भाडे घेतो काय? मंचरपासून वाचवलेले पैसे शेवटच्या टप्प्यात जातात. मोटारवाल्याला याचा पत्ताही नसतो. फरक पडतो तो रोज बुडवून तारखेला आलेल्या शेतमजूर बाईला. अकरा वाजता पुकारा होतो. ती रिक्षा शोधत असते आणि रोजनाम्यात शेरा पडतो, 'गैरहजर'.

हा दयेचा नव्हे, हक्काचा प्रश्न आहे. शिमला जिल्ह्यातील डोंगरी गावांतल्या गरीब, बहुतांशी दलित रहिवाशांनी रस्त्यासाठी हायकोर्टाकडे दाद मागितली. १९८६ साली उमेद राम शर्मा प्रकरणात सुप्रीम कोर्टाने डोंगरी भागातील लोकांचा रस्त्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काशी जोडला. डोंगराचा न्याय वाकडेवाडीला कसा लावता, असे सरकारी वकील विचारतील. विचारू द्या.

जुन्या जागी स्थानक बांधताना आधी फलाट हवेत, व्यापारी गाळे नंतर. एस.टी.तून उतरलेल्या माणसाला लोकल आणि मेट्रो पायी गाठता आली पाहिजे. आणि एस.टी. वाकडेवाडीत आहे तोवर तिथून शिवाजीनगर स्टेशन व न्यायालयापर्यंत त्याच तिकिटावर बस हवी. लोणी, धामणी आणि आजूबाजूच्या गावांतील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत तसे ठराव घ्यावेत. मसुदा आम्ही करून देतो.