बाळी वाळली का?

या पोरांनो, सरका जवळ. कलिंगड आतून पिकलं की नाही हे फळ काही तोंडानं सांगत नाही, सांगतो तो वेल, आणि तो कसा सांगतो हीच तर मोठी नवलाई. आंबा पाडाला लागला की उतरवून अढीत घालता येतो, तिथं तो सावकाश गोड होतो. खरबूज पिकलं की वासानं शेत घमघमतं आणि देठ आपणच सुटतो. कलिंगडाचं तसं नाही बरं. देठ तुटला त्या घडीला आत जेवढी साखर आली तेवढीच, मग आठ दिवस पेंढ्यात पुरून ठेवा, गोडी तसूभर वाढायची नाही.

म्हणून वैनगंगेच्या वाळूत डांगरवाडी लावणारी जुनी माणसं आधी बघतात ती बाळी. फळाचा देठ ज्या पेरावर निघतो, त्याच पेरावर पीळ घातलेली एक बारीक बाळी असते. ती हिरवी तर थांबायचं, टोकापासून बुडापर्यंत वाळली की फळ तयारीला लागलं. शेजारच्या पेरावरची बघू नका हं, ती वाऱ्याकिडीनं कधीही वाळते. आणि काही वाणांत ही बाळी आठवडाभर आधीच वाळून जाते, तेव्हा एका साक्षीवर निवाडा करू नये. फळ अलगद कलतं करून त्याचं पोट बघावं. जमिनीला टेकलेल्या त्या जागेला ऊन लागत नाही, म्हणून हिरवा रंग तिथं धरतच नाही, कोवळेपणी ती पांढरट असते आणि पिकता पिकता लोण्यासारखी पिवळसर होते. मला विचाराल तर माझा सगळ्यात भरवसा या पोटावरच.

टिचकी मारून बघायचीच असेल तर सकाळच्या गारव्यात मारा. कच्च्याचा गर घट्ट, म्हणून टणटण वाजतं. गर मऊ पडला की आवाज खाली उतरतो, बदबद येतो. पण कान तयार व्हायला हंगाम जावे लागतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे मादीफूल उमललं, ज्याच्या बुडाशी लवदार इवलं फळ आधीच बसलेलं असतं, त्या दिवशी शेजारी काडी रोवावी आणि तिथून 30 ते 40 दिवस मोजावेत. एका दिवसाचंच ते फूल, सकाळी उघडतं, तेवढ्यात मधमाश्यांनी पुरेसा पराग आणला नाही तर फळ एका अंगानं खुरटतं.

आणि हे फळ आजचं नव्हे बरं का! इजिप्तच्या तुतनखामेन राजाची कबर 1922 साली सापडली, तिच्यात कलिंगडाच्या बिया निघाल्या. सुदानातल्या कोर्दोफानकडं अजून पांढऱ्या गराचं कलिंगड पिकतं, आपल्या लालचुटुक कलिंगडाचं ते जवळचं भावंड.

तर उद्या तोडायला जाल तेव्हा ओढू नका, वेल हलला की बाकीची कोवळी फळं दुखावतात. दोन बोटं देठ राखून विळ्यानं कापा.