क्रेडिट कार्डचे बिल : ‘मिनिमम ड्यू’चा सापळा ओळखा

नाशिकच्या त्रिरश्मी लेणीत १० क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी भिक्खू संघासाठी ठेवलेल्या ठेवीचा हिशेब त्यात कोरला आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा १ व्याजाने. वर्षाचे व्याज २४०, त्यातून २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. म्हणजे दर झाला वर्षाला १२ टक्के.

आज सातपूर, अंबड, नाशिकरोडच्या आपल्या तरुणांच्या खिशात जे क्रेडिट कार्ड आहे, त्याच्या थकबाकीवर अनेकदा महिन्याला ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज लागते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये यावर ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो आदेश रद्द केला. त्यामुळे स्वतःचा बचाव आता स्वतःलाच करायचा आहे.

बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. समजा बिल २०,००० रुपयांचे आहे आणि किमान रक्कम १,०००. तुम्ही १,००० भरले. उरलेल्या १९,००० वर ३.५ टक्क्यांनी ६६५ रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, असे साधारण ७८५ रुपये चढले. हजार भरून कर्ज कमी झाले फक्त २१५ रुपयांनी! हा हिशेबही सौम्यच आहे, कारण पूर्ण बिल भरले नाही तर बिनव्याजी मुदतच जाते. मग नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते.

म्हणून बँक खात्यातून ऑटो-डेबिट लावा, आणि तिथे ‘टोटल अमाउंट ड्यू’ हाच पर्याय निवडला आहे ना, ते उघडून पाहा. पगार ७ किंवा १० तारखेला होत असेल आणि बिलाची शेवटची तारीख त्याआधी येत असेल, तर बिलाचे चक्र बदलून मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार निदान एकदा तरी तो हक्क तुम्हाला आहे.

कार्यकर्त्यांची अडचण थोडी वेगळी असते. १४ एप्रिलचा मंडप, साऊंड, बॅनर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरला जाणारी बस, हे सगळे कुणातरी एकाच्या कार्डावर जाते आणि वर्गणी मात्र महिनाभर गोळा होत राहते. मंडळाला उशीर चालतो, बँकेला चालत नाही. बिलाच्या तारखेआधी पैसे हातात येणार नसतील तर सरळ नाही म्हणा. त्यात कसला आलाय समाजद्रोह!

आधीच थकले असेल तर कार्ड वापरणे थांबवा आणि किमान रकमेपेक्षा जमेल तितके जास्त भरा. रक्कम मोठी असेल तर ईएमआय करून घेण्याआधी व्याज, प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी मिळून एकूण किती जाणार ते विचारा. पतसंस्थेचे किंवा बँकेचे साधे कर्ज स्वस्त पडत असेल तर ते घेऊन कार्ड एकदाचे फेडा. एटीएममधून कार्डावर रोख काढू नका, तिथे बिनव्याजी मुदत नसतेच.

सगळे फिटल्यावर कार्ड नको असेल तर बंद करण्याचा अर्ज द्या. ७ कामकाजाच्या दिवसांत ते बंद झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत.